देवानं माफ केलं म्हणता, मग त्या बायांचं काय? पश्चात्तापाबद्दल विचारायचंय

जुना_चेकर

सलाम सगळ्यांना. मी सोलापूरचा, वय ६३. मोबाईलवर एवढं लांब लिहायची सवय नाही, चुका झाल्या तर समजून घ्या. पोराला सांगून टाईप करून घेता आलं असतं पण हे घरात बायको सोडून कुणाला माहीत नाही.

मी अकरा वर्षं एका विडी कारखान्यात चेकर होतो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाया कारखान्यातून पान, तंबाखू, सूत घेऊन जातात, घरी विड्या वळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजार विड्या जुड्या बांधून आणून देतात. चेकर जुडी हातात घेतो, बोटांत फिरवतो, तोंड नीट मुडपलंय का, पोटात तंबाखू सारखी भरलीय का बघतो, आणि खराब असेल ती छाट म्हणून बाजूला. छाटीचे पैसे बाईला नाहीत. आणि आमच्याकडं छाट तिला परत पण द्यायचे नाहीत, टोपलीत पडली की ती कारखान्याची.

खरं सांगायचं तर हजारामागं पाच-दहा खराब निघतात, हात चांगला असला तर तेवढ्याही नाहीत. मी चाळीस काढायचो, कधी पन्नास. वरून तसं सांगितलेलं होतं हे खरं. पण त्यातल्या काही मी स्वतः बाहेर विकायचो हेही खरं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक बाई होती, तेलुगू बोलणारी, अंगठ्याचं नख झिजून निम्मं राहिलेलं. ती भांडायची नाही. टोपलीतली एक विडी उचलायची, माझ्या डोळ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "ह्यात काय खोट हाय सांगा ना साहेब." मी ती तिच्या हातातून घ्यायचो आणि परत टोपलीत टाकायचो. हे किती वेळा झालं असेल मोजता येणार नाही.

मी जन्मानं ख्रिस्तीच, आजोबांपासून चर्चला जाणारं घर. पण मनापासून म्हणाल तर बारा वर्षांपूर्वी एका उज्जीवन सभेत मी लहान पोरासारखा रडलो, पाप कबूल केलं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि खरंच छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. सहा-सात महिने छान गेले. मग ते परत आलं. चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा प्याला हातात घेतला की ती विडी दिसते. आता तर रात्री तीनला जाग येते ती येतेच.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं तर म्हणाले तुझं पाप येशूच्या रक्तानं धुतलं गेलंय, जे धुतलं ते परत उकरून काढणं म्हणजे सैतानाला संधी देणं. बायको म्हणते रडून काय होतंय, पैसे परत करा. मी आता पेन्शनवर आहे, आणि त्या बाया कुठं कुठं गेल्या असतील. मग मला एवढंच विचारायचंय की पश्चात्ताप म्हणजे नक्की काय? मी बारा वर्षांपूर्वी केला तो पश्चात्ताप होता की नव्हता?

वचन_प्रेमी

भाऊ, १ योहान १:९ वाचा. आपण पाप पदरी घेतलं तर तो विश्वसनीय आहे, क्षमा करतो, शुद्ध करतो. इफिसकर २:८-९ पण वाचा, तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही. तुम्ही कबूल केलंत, विषय संपला. पैसे देऊन शांती विकत घ्यायला जाल तर वधस्तंभावर जे झालं ते अपुरं होतं असं म्हटल्यासारखं होईल. आरोप करणारा सैतान तुमच्या मागं लागलाय, त्याला येशूच्या नावात धमकवा. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

निवृत्त_बाई

जुना चेकर, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलंय, पाळक नाही, पण या एका शब्दावर मी बरंच डोकं घातलंय म्हणून सविस्तर लिहिते, सावकाश वाचा.

आपला मराठी शब्दच थोडा अडचणीचा आहे. पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे ताप. झाल्यावर होणारी जळजळ. म्हणून आपल्याला लहानपणापासून असंच वाटत आलंय की जितकं जास्त जळलं, जितकं रडलं, तितका पश्चात्ताप मोठा. पण नव्या करारात "पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे" असं जिथं येशू म्हणतो तिथं मूळ ग्रीक शब्द मेटानोइया या कुळातला आहे, म्हणजे मन बदलणं, विचार करायची पद्धतच उलटी होणं. आणि जुन्या करारात संदेष्टे जो शब्द वापरतात तो हिब्रू शूव, त्याचा अर्थ तर अगदी साधा, रस्त्यावरचा, मागे फिरणं. पंढरपूरला जायला निघालो आणि मोहोळच्या ऐवजी अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो हे कळल्यावर जे करतो ते. तिथं रस्त्याच्या कडेला बसून रडलं तरी माणूस अक्कलकोटच्याच रस्त्यावर असतो. रडू नये असं मी म्हणत नाही, येशूचा शिष्य पेत्र पण रडला, दावीद राजा पण रडला. पण रडणं म्हणजे चूक कळली, फिरणं अजून व्हायचंय.

आता तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे जक्कय, लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार. आपल्याकडं जकात नाके होते तेव्हा मी मुलांना ही गोष्ट सांगायचे आणि मुलांना लगेच कळायचं की हा कोण. लोकांकडून जास्त घ्यायचं, वरच्याला त्याचं द्यायचं, मधलं आपलं. तुम्ही जे लिहिलंत त्याच्याशी ताडून बघा. येशू त्याला उंबराच्या झाडावरून खाली बोलवतो, तुझ्या घरी उतरणार म्हणतो, आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. मग येशू म्हणतो आज या घराला तारण प्राप्त झालं.

इथं क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी आला. चौपट देतोस तर येतो, असं नाही म्हणाला. त्यामुळं वचन प्रेमी म्हणतात ते बरोबर आहे की कृपा विकत मिळत नाही. पण कृपा घरात आल्यावर जक्कयाला बसवेना, ही दुसरी बाजू. आणि इफिसकर २:८-९ वाचलं की पुढचं १० वं वचन पण वाचावं, सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केलंय म्हणून तिथंच लिहिलंय, एकाच दमात.

चौपट का, तर निर्गम २२ मध्ये मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्यायची असा नियम आहे. गणना ५ मध्ये स्वतःहून कबूल करणाऱ्याला पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे जक्कयानं स्वतःहून कबूल करूनही स्वतःला जड नियम लावून घेतला. आणि यहेज्केल ३३ मध्ये तर फिरणं म्हणजे काय हेच सांगितलंय, गहाण ठेवलेलं परत करणं, लुटून घेतलेलं परत देणं.

एक गोष्ट मात्र फार जपून सांगते. येशूला धरून देणाऱ्या यहूदानंही पैसे परत केले होते. तीस रुपये, मंदिरात जाऊन, मुख्य याजकांसमोर, मी निर्दोष रक्त धरून दिलं असं स्पष्ट कबूल करून. मत्तय तिथं मेटानोइयाचा शब्द वापरत नाही, दुसरा वापरतो, मेटामेलोमाय, मनाला लागणं, हळहळ वाटणं. याजक म्हणाले आम्हांला त्याचं काय. आणि तो तिथून एकटा निघून गेला. ज्याचा अपराध केला होता त्याच्याकडं तो गेलाच नाही हो. पेत्राकडं तर परत द्यायला काहीच नव्हतं, येशूला तीनदा नाकारलं ते शब्द कसे परत देणार? पण तो परत आला, येशूच्या समोर येऊन बसला, आणि त्याला तीनदा विचारलं गेलं तू माझ्यावर प्रीती करतोस का, आणि वर काम मिळालं, माझी मेंढरं पाळ. म्हणून पैसे देणं एवढ्यावर पण थांबू नका आणि रात्री तीनला एकटे तर अजिबात बसू नका. बायकोला उठवा. त्या माउलीला सगळं माहीत आहे म्हणता ना.

तुमचा बारा वर्षांपूर्वीचा पश्चात्ताप खोटा होता असं मला वाटत नाही. तो अर्ध्या रस्त्यात थांबलाय.

वसईचा_रेल्वेत

मी कॅथलिक, मूळ वसईचा, नोकरीमुळं नऊ वर्षं सोलापुरात. बाईंनी फार छान लिहिलं. ऐतिहासिक गोष्ट म्हणून सांगतो, याच शब्दावरून पाचशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. लॅटिन बायबलमध्ये तो शब्द असा आला होता की लोक त्याचा अर्थ प्रायश्चित्त करा असा घ्यायचे, १५१७ ला मार्टिन ल्यूथरनं जे ९५ मुद्दे काढले त्यातला पहिलाच हा आहे की येशू पश्चात्ताप करा म्हणतो तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं असं त्याला म्हणायचंय. या मुद्द्यावर आज आमचेही फादर मान डोलावतील.

आमच्याकडं पापनिवेदन असतं. मनापासून दुःख, फादरसमोर तोंडानं कबुली, मग पापमुक्तीचे शब्द, आणि प्रायश्चित्त म्हणून काहीतरी करायला सांगतात. बाहेरच्यांना वाटतं की आत जाऊन सांगितलं, तीन प्रार्थना म्हटल्या, झालं मोकळं. तसं नाहीये. आमच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आहे की पापमुक्तीनं पाप जातं पण पापानं केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही, चोरलेलं परत करायचं, कुणाचं नाव खराब केलं असेल तर ते भरून काढायचं. मी स्वतः तरुणपणी एकदा घरातल्या माणसाची वस्तू घेतल्याचं कबूल केलं तर फादरनी पहिला प्रश्न हाच विचारला की ती आता कुठं आहे. फादर आणि आपल्यामध्ये असते त्या जाळीच्या अलीकडं बसून मला घाम फुटला होता. देवाशी बोलून सुटायचं होतं मला, भावाशी बोलायचं नव्हतं.

आणि तुम्ही म्हणता त्या बाया कुठं गेल्या माहीत नाही, त्यावर पण जुना नियम आहे. माणूस सापडला तर त्यालाच द्यायचं, तो गेला असेल तर वारसाला, आणि पूर्ण शोध घेऊनही कुणी सापडलं नाही तर त्याच्या नावानं गरिबांना. पण शोध आधी. थेट दानपेटीत टाकून मोकळं व्हायची घाई नको, कारण दानपेटीकडं बघताना मान खाली घालावी लागत नाही.

निवृत्त_बाई

बरोबर, आणि हे गणना ५ मध्ये पण आहे, भरपाई घ्यायला जवळचा नातलग नसेल तर ती परमेश्वराची, याजकाला द्यायची. म्हणजे घेणारा नाही म्हणून देणं माफ होत नाही.

अम्माची_लेक

मी ख्रिश्चन नाही. आम्ही पद्मशाली, अशोक चौकाकडचे. मैत्रिणीनं हा धागा पाठवला म्हणून आले आणि पहिली पोस्ट वाचून माझे हात थरथरायला लागले, म्हणून जे येईल ते लिहिते.

आमची अम्मा ३१ वर्षं विड्या वळायची. रात्री पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन जी बसायची ते दिवाबत्तीपर्यंत. शाळेतून आलं की आम्ही दोघी बहिणी सूत बांधायला बसायचो. ते चाळीस-पन्नास म्हणजे काय ते मी सांगते. दिलेल्या पानात हजार कधी पुरे व्हायच्याच नाहीत, अम्मा बाजारातून पान विकत आणायची स्वतःच्या पैशानं. त्यात छाट गेली की दुसऱ्या दिवशीच्या हजारात आधी ती भरायची. म्हणजे ती तास-दीड तास उशिरा उठणार. म्हणजे आमचा अभ्यास घ्यायला कुणी नाही, आणि वाकलेली मान अजून वाकणार. शेवटी तिला मान वरच करता येत नव्हती.

तुम्ही दिवसाला किती बाया तपासायचा? पन्नास? साठ? साठ बायांचे चाळीस म्हणजे २४०० विड्या. जवळजवळ अडीच बायांचा अख्खा दिवस, रोज, फुकट. हे तुम्ही कधी मांडून बघितलंय का?

मला तुमच्या धर्मातलं कळत नाही, बाईंनी लिहिलं ते आवडलं. पण एक विचारते, राग म्हणून नाही, खरंच विचारते. तुमचा देव जेव्हा तुम्हाला माफ करतो तेव्हा आमच्या अम्माला विचारतो का? ती तर अजून पहाटे उठून बसलेलीच आहे ना. तुम्ही सभेत रडलात तेव्हा ती तिकडं सूत बांधत होती, तिला तुम्ही रडलेलं माहीतच नाही.

अम्मा चार वर्षांपूर्वी गेली. तुम्हीच तिचे चेकर होता असं मी म्हणत नाही, कारखाने खूप होते. पण ती आयुष्यभर एकच म्हणायची, पैसे कापले त्याचं एवढं नाही, माझ्या हाताला खोटं पाडलं. तिच्या हातात खोट नव्हती. एवढं जरी कुणी तिच्या तोंडावर येऊन म्हटलं असतं.

वचन_प्रेमी

ताई, मी काल घाईत लिहिलं. तुमचं वाचून रात्रभर विचार करत होतो. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू स्वतः सांगतो की वेदीजवळ दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर दान तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. मी हे वचन पाठ म्हणतो पण इथं लावलं नव्हतं. कृपा फुकट आहे हे मी अजूनही म्हणतो, पण विषय संपला असं म्हणायला नको होतं.

निवृत्त_बाई

अम्माची लेक, तुझ्या प्रश्नाला मी थेट हो किंवा नाही असं उत्तर देऊ शकत नाही गं. स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं, आणि लहानपणापासून मला ते वचन टोचत आलंय, कारण दावीदानं ज्याची बायको घेतली आणि ज्याला लढाईत मारवलं तो उरीया तर मेला होता, त्याच्या बायकोचं घर मोडलं होतं, मग केवळ तुझ्याविरुद्ध कसं? मी आता त्याचा अर्थ असा घेते की उरीयावर घातलेला घाव देवाला स्वतःवर बसल्यासारखा लागला. मत्तय २५ मध्ये येशू हेच म्हणतो, या लहानांतल्या एकाला केलं ते मला केलं. म्हणजे आम्ही मानतो तो देव त्या टोपलीच्या अलीकडं, तुझ्या अम्माच्या बाजूला, विडी हातात धरून उभा होता. त्याच्याकडं फिरायचं तर तिच्याकडंच तोंड करावं लागतं, दुसरीकडून रस्ता नाही. अम्माबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पोरी, तिच्या हातात खोट नव्हती.

जुना_चेकर

नऊ दिवसांनी लिहितोय. ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे, मी साठ-पासष्ट बाया बघायचो. मी तो मांडला नव्हता. मांडायची भीती वाटायची. त्या रात्री बायकोला उठवलं आणि दोघांनी वहीवर मांडला. शेवटचा आकडा इथं लिहीत नाही, तो माझ्या ऐपतीबाहेरचा आहे.

परवा कुंभारीला विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेलो. नख झिजलेली ती बाई तिथं राहते असं एका जुन्या माणसाकडून कळलं होतं. तीन गल्ल्या विचारत गेलो. दारात चटईवर बसलेली, आता वळत नाही, डोळे गेलेत जवळजवळ. मी नाव सांगितलं तर ओळखलं नाही, मग म्हटलं मी चेकर, आणि मग ती एकदम गप्प झाली.

मी जे ठरवून गेलो होतो त्यातलं काहीच बोलता आलं नाही. एवढंच म्हटलं की तुमच्या विडीत खोट नव्हती, मला तेव्हाच दिसत होतं. ते ऐकून तिनं हात पुढं केला, मला वाटलं पैशासाठी, पण तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ धरूनच ठेवलं, काही न बोलता. नंतर पाकीट दिलं. तिनं नातीला मोजायला लावलं, पूर्ण मोजून घेतलं, मग लुगड्यात खोचलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

निघताना म्हणाली, "माझ्याकडंच आलाव का बाकीच्यांकडं पण जाणार हाव?" मी म्हटलं कुणाचा पत्ता माहीत नाही. तर तिनं नातीला वही आणायला सांगितलं आणि एकेक नाव सांगत गेली, ही वारली, तिची सून इथंच असते, ही लेकीकडं हैदराबादला, ही दोन गल्ल्या सोडून. सतरा नावं झाली. नातीनं गणिताच्या वहीचं मागचं पान फाडून दिलं.

दर महिन्याला पेन्शनमधून जेवढं निघेल तेवढं घेऊन जायचं ठरवलंय. आमच्या पोराला पण सांगितलं, तो दोन दिवस बोलला नाही, आज सकाळी म्हणाला शनिवारी मी गाडीवर सोडतो. दोन गल्ल्या सोडून जी आहे ती भांडकुदळ आहे असं त्या आजीनं आधीच सांगून ठेवलंय, तिच्याकडं आधी जाणार आहे.